जात विचारू नका, रक्त तपासा!

पावसाळा सुरू झाला की कांजूरमार्गच्या वस्त्यांत ताप ठरलेलाच असतो. पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्ग, पूर्वेला द्रुतगती महामार्ग, त्याच्या पलीकडे मिठागरे, खाडी आणि डम्पिंग ग्राउंड. मधल्या पट्ट्यातले कारखाने गेले आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहू लागले. या टॉवरवर राबणारा माणूस कोण? मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहार-झारखंडातून पोटासाठी आलेला मजूर. एके दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरतो. बोटातून रक्ताचा थेंब काढला जातो, मलेरियाचे निदान होते आणि त्याच्या हातात गोळ्यांची पाकिटे पडतात. गोळ्या घे, बरा हो, कामावर जा! गोष्ट इथेच संपली असे सर्वांना वाटते.

परंतु गोष्ट इथे संपत नाही. या गोळ्यांपैकी एक गोळी अशी आहे की, ती बहुसंख्य लोकांना बरे करते, पण काही माणसांच्या तांबड्या रक्तपेशी फोडून टाकू शकते. ती माणसे कोण, हे त्यांच्या चेहऱ्यावरून, आडनावावरून किंवा जातीवरून कळत नाही. ते कळते फक्त रक्ताच्या एका साध्या चाचणीवरून. ही चाचणी गोळी देण्याआधी झाली पाहिजे आणि ती गरिबावर उपकार म्हणून नव्हे, तर त्याचा हक्क म्हणून झाली पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. आम्ही डॉक्टर नाही, वकील आहोत. म्हणून पुराव्यानिशी बोलण्याची आमची सवय इथेही सोडणार नाही.

घाणीचा आरोप कोणावर?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. मलेरिया म्हटले की बोट झोपडपट्टीकडे दाखवले जाते. 'हे लोक घाणीत राहतात, म्हणून आजार पसरतो', हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! वस्तुस्थिती अगदी वेगळी आहे. मुंबईत मलेरिया पसरवणारा प्रमुख डास अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी या जातीचा. तो गटारात वाढत नाही. त्याला लागते स्वच्छ साचलेले पाणी. इमारतीच्या गच्चीवरील उघडी टाकी, विहीर, कारंजे, बांधकामाच्या जागी साचलेले पाणी, स्लॅबवर पाणी मुरवण्यासाठी केलेली तळी, ही त्याची घरे. म्हणजे डास पोसला जातो बिल्डरच्या जागेत आणि आरोप होतो झोपडीवर! साचलेले पाणी हटवण्याची जबाबदारी १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने जागेच्या मालकावर आणि ताबेदारावर टाकलेली आहे. कायदा आहे, त्याची अंमलबजावणी किती कडक होते हे ज्याने त्याने आपल्या शेजारच्या बांधकामावर जाऊन पाहावे.

चौदा दिवसांची गोळी

मुंबईतील बराचसा मलेरिया हा व्हायव्हॅक्स प्रकारचा असतो. फाल्सिपेरमइतका तो जीवघेणा नसला तरी चिवट आहे. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो. पण या प्रकारातले काही जंतू यकृतात जाऊन झोपून राहतात. आठवड्यांनी, महिन्यांनी ते जागे होतात आणि डास न चावताही माणूस पुन्हा तापाने फणफणतो. यकृतातल्या या झोपलेल्या जंतूंना मारण्यासाठी प्रायमाक्विन ही गोळी दिली जाते. मोठ्या माणसाला रोज १५ मिलिग्रॅम, सलग १४ दिवस. पूर्वी आपल्या देशात ती पाचच दिवस देत असत. पाच दिवस पुरेसे नाहीत, हे दाखवणाऱ्या अभ्यासांत मुंबईत झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही आहे. म्हणजे प्रायमाक्विन आवश्यक आहे. ती टाळली तर मलेरिया परत येतो. आमचे भांडण गोळीशी नाही. ती आंधळेपणाने देण्याशी आहे.

तांबड्या रक्तपेशीत जी-६-पीडी नावाचे एक एन्झाइम असते. पेशीला रासायनिक माऱ्यापासून वाचवणे हे त्याचे काम. हे एन्झाइम तयार करण्याची आज्ञा ज्या जनुकात लिहिलेली असते, त्यात कधीकाळी एखादे अक्षर बदलले. त्या बदलाला शास्त्रज्ञ म्युटेशन म्हणतात. असा बदल असलेल्या माणसात हे एन्झाइम कमी पडते. एरवी तो धडधाकट असतो. काम करतो, ओझी उचलतो, त्याला स्वतःलाही काही ठाऊक नसते. पण प्रायमाक्विन पोटात गेली की पेशीवर मारा होतो, संरक्षण अपुरे पडते आणि पेशी फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो, पोटात दुखते. काहींना रक्त चढवावे लागते, काहींची मूत्रपिंडे धोक्यात येतात. कुष्ठरोगावरील डॅप्सोन या औषधानेही असेच होऊ शकते. इतकेच काय, कपड्यांच्या पेटीत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांनीसुद्धा असा दोष असलेल्या तान्ह्या बाळाचे रक्त फुटून त्याला तीव्र कावीळ होऊ शकते.

हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एकच एक्स, म्हणून त्याला दोष असला तर तो पूर्ण दिसतो. स्त्रीकडे दोन, म्हणून तिच्यात तो बहुधा अर्धवट असतो आणि साध्या चाचणीतून निसटूही शकतो. जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये हा दोष असल्याचा अंदाज आहे. मग प्रश्न पडतो, एवढी मोठी गोष्ट माणसाला कळली कशी?

तुरुंगात लागलेला शोध

याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने मलेरियाच्या नव्या औषधांचे प्रयोग इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगातील कैद्यांवर सुरू केले. शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर, लष्कराचा पाठिंबा आणि प्रयोगाला माणसे कैदेतली. त्यांना मलेरियाचे डास चाववले गेले, मग नवनवी औषधे देण्यात आली. प्रायमाक्विनच्या प्रयोगात असे दिसले की रोज ३० मिलिग्रॅम दिल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांचे रक्त फुटू लागते. पुढे कैद्यांच्याच रक्तपेशी एकमेकांच्या शरीरात सोडून दोष औषधात आहे की पेशीत, हे तपासले गेले. दोष पेशीत होता. १९५६ साली या दोषाचे मूळ जी-६-पीडीच्या कमतरतेत असल्याचे प्रसिद्ध झाले. कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना तोपर्यंत हीच गोळी मोठ्या प्रमाणावर दिली गेली होती.

या प्रयोगांचा उल्लेख न्यूरेंबर्गच्या खटल्यातही झाला. १९४६-४७ मध्ये नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या बचावाने विचारले की, अमेरिकेत कैद्यांवर असेच प्रयोग होत असताना आम्हालाच दोषी का ठरवता? नाझींचे अपराध या युक्तिवादाने तसूभरही कमी होत नाहीत. पण प्रश्न उरतोच. गजाआड असलेला माणूस, ज्याला शिक्षेत सूट मिळण्याची आशा आहे, त्याने 'हो' म्हटले तर त्याला संमती म्हणायचे का? स्टेटव्हिलमधले हे प्रयोग १९७४ पर्यंत चालले. आज जगभर जे ज्ञान वापरले जाते त्याची किंमत सर्वात दुबळ्या माणसांनी मोजली आहे. मग त्या ज्ञानाचा लाभ तरी सर्वात दुबळ्या माणसाला मिळायला नको का? ज्यांच्या रक्तातून चाचणी जन्माला आली, त्यांच्यासारख्याच माणसांपर्यंत ती पोहोचायला सत्तर वर्षे का लागावीत?

पुरावा आपल्याच शहरात

कोणी म्हणेल, हा अमेरिकेतील प्रश्न आहे, आपला नाही. मग मुंबईचा पुरावा पाहा. १९६३ साली डॉ. एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी समाजात जी-६-पीडीची कमतरता असल्याचे दाखवले. भारतातील या विषयाच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. १९८४ साली एका कोळी कुटुंबात या एन्झाइमचा एक नवाच प्रकार सापडला. त्याला नाव पडले जी-६-पीडी कल्याण. आपल्या लोकलच्या मार्गावरचे कल्याण! पुढे १९९२ मध्ये सिद्ध झाले की केरळात सापडलेला प्रकार आणि हा कल्याणचा प्रकार मुळात एकाच बदलामुळे झाले आहेत. तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख केरळ-कल्याण असा होतो.

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेने या विषयावर अनेक वर्षे काम केले. त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय रुग्णांत मुख्यतः तीन बदल आढळले. मेडिटेरेनियन ६०.४ टक्के, केरळ-कल्याण २४.५ टक्के आणि ओरिसा १३.३ टक्के. यातील मेडिटेरेनियन प्रकार तीव्र मानला जातो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये आढळणाऱ्या प्रकारापेक्षा त्यात एन्झाइम बरेच कमी असते. म्हणजे तिकडे जो धोका सौम्य समजला गेला, तो इकडे सौम्य असेलच असे नाही. देशातील वेगवेगळ्या जाती-जमातींत या दोषाचे प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. एकाच देशात एवढा फरक का? याचे उत्तर शोधताना मलेरियाकडे आणि जातीव्यवस्थेकडे, दोन्हीकडे पाहावे लागते.

रोगाने घडवलेली ढाल, जातीने घातलेले कुंपण

१९४९ साली जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. ज्या प्रदेशांत मलेरिया हजारो वर्षे होता, त्याच प्रदेशांत रक्तातले काही दोष का जास्त आढळतात? कारण तो दोष अर्धवट असला की माणूस मलेरियाने मरण्यापासून वाचतो. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. १९५४ साली अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हे दाखवून दिले. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. आई किंवा बाप, एकाकडूनच तो बदल आला तर मूल निरोगी राहते आणि तीव्र मलेरियापासून त्याचे बरेच संरक्षण होते. दोघांकडून आला तर आयुष्यभराच्या वेदना.

सिकलसेल हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. विदर्भातील बौद्ध समाजात, गोंड-प्रधानांत, नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत तो घराघरात माहीत आहे. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात आली. आमचे पूर्वज तापाच्या जंगलात, नदीकाठी, गावकुसाबाहेर राहिले. ज्यांच्या रक्तात ही ढाल होती ते जगले, त्यांची लेकरे जगली. म्हणून हा दोष लाजेचा विषय नाही. तो आमच्या पूर्वजांच्या जगण्याचा पुरावा आहे. पाप, शाप, पूर्वजन्मीचे कर्म असल्या भाकडकथांना इथे जागा नाही.

आता जातीचा भाग. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. तेव्हा त्यांचे वय होते पंचवीस. आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती हेच जातीचे मर्म आहे, असे त्यांनी तिथे मांडले. जवळपास शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, हैदराबादच्या सीसीएमबी आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातील लोकसमूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते, नंतर ते मिसळणे थांबत गेले, असे त्यातून दिसले. म्हणजे जातीने केवळ पाणवठे वेगळे केले नाहीत, रक्तही कुंपणात कोंडले. कुंपणात कोंडले की एखादा बदल एका गटात साचतो आणि शेजारच्या गटात नावालाही सापडत नाही. म्हणून पारशांत प्रमाण जास्त, दुसरीकडे शून्य.

इथे सावध राहिले पाहिजे. या माहितीचा उपयोग दोन प्रकारे होऊ शकतो. पहिला प्रकार घातक आहे. 'अमुक जातीचे रक्तच दोषी' असा शिक्का मारायचा, लग्नाच्या बाजारात मुलींना नाकारायचे, नोकरीत डावलायचे. ज्यांनी हजारो वर्षे आम्हाला जन्मावरून अपवित्र ठरवले, त्यांच्या हाती आता विज्ञानाच्या नावाने नवा विटाळ द्यायचा का? मुळीच नाही! आणि हा शिक्का विज्ञानाच्या कसोटीवरही टिकत नाही. ज्या गटात प्रमाण १० टक्के आहे त्यातील ९० माणसे निर्दोष असतात. ज्या गटात प्रमाण फक्त एक टक्का आहे त्यातला तो एक माणूस गोळीने मरू शकतो. जात पाहून गोळी दिली तर दोघांवर अन्याय होतो. पहिल्या गटातील ९० जणांना विनाकारण गोळी नाकारली जाते, दुसऱ्या गटातील एकाचा विनाकारण बळी जातो.

दुसरा प्रकार न्यायाचा आहे. जात विचारू नका, माणसाचे रक्त तपासा. प्रत्येकाचे तपासा. टॉवरमधल्या साहेबाचे तपासा आणि त्या टॉवरवर विटा वाहणाऱ्या बाईचेही तपासा.

जंतूही बदलतो

औषध आणि जनुकीय बदल यांचे नाते माणसाच्या रक्तापुरते नाही. मलेरियाचा जंतूही बदलतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गोळीमुळे बदल निर्माण होतो असे नाही. कोट्यवधी जंतूंत असा एखादा बदल आपोआप घडलेला असतो. गोळी बाकीच्यांना मारते आणि तो एक वाचतो. मग त्याचीच पिलावळ वाढते. मलेरियाने आपल्यातून ज्यांच्या रक्तात ढाल होती त्यांना निवडले, आपल्या गोळ्या जंतूंमधून ज्यांच्याकडे ढाल आहे त्यांना निवडतात. नियम एकच.

फाल्सिपेरम जंतूच्या एका जनुकातील ७६ व्या जागी बदल झाला की क्लोरोक्विन त्याच्यावर चालत नाही. भारतात असा न जुमानणारा मलेरिया पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात नोंदला गेला. मुंबईतून १९९५ साली तर व्हायव्हॅक्स मलेरियाचे काही रुग्ण क्लोरोक्विनला दाद देत नसल्याची नोंद झाली. म्हणून २०१० पासून देशभर फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनिनवर आधारित एकत्रित औषधे आली. पुढे २०१४ मध्ये कंबोडियातील जंतूंत आर्टेमिसिनिनलाही तोंड देणारा बदल शास्त्रज्ञांनी ओळखला. याच्या उलट उदाहरण आफ्रिकेतल्या मलावीचे. त्या देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन देणे बंद केले. काही वर्षांत बदललेले जंतू मागे पडले, जुने जंतू परतले आणि तीच गोळी पुन्हा काम करू लागल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

यातून काय घ्यायचे? अर्धवट उपचार घातक आहेत, हे खरेच. पण दरवेळी रुग्णालाच दोष दिला जातो. 'हे लोक गोळ्या पूर्ण घेत नाहीत!' रोजंदारीवरच्या मजुराला ताप उतरल्यावर चौदा दिवस कोण सांभाळतो? एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची चूल बंद. मुकादम साइट बदलतो, मजूर कांजूरमार्गहून पनवेलला जातो, राहिलेल्या गोळ्या जुन्या खोलीत राहतात. काही जणांना गोळ्या घेऊन मळमळते, लघवीचा रंग बदलतो, ते घाबरून गोळी सोडतात. त्यातल्या एखाद्याने गोळी सोडली म्हणून तो वाचलाही असेल! त्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी सांगावे, गोळी देताना त्याचे रक्त तपासले होते का? काय झाले तर परत यायचे, हे त्याच्या भाषेत सांगितले होते का?

कायदा काय सांगतो?

भारतीय संविधानाचे कलम २१ जीविताचा अधिकार देते. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका मजुराची कैफियत होती. सरकारी रुग्णालयांनी त्याला दारातून परत पाठवले होते. पैसा नाही या सबबीवर राज्याला वैद्यकीय सेवेची घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात न्यायालयाने सांगितले की, रुग्णाला पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमतीच खरी संमती. गोळी तोंडात टाकणे हाही उपचारच आहे. तिचा धोका सांगितलाच नसेल, तर संमती कशाला म्हणायचे?

आता एक बाब आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यानंतर पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्याच्या कक्षेत आला. पण जिथे सर्वांनाच सेवा पूर्णपणे मोफत मिळते, ते दवाखाने त्या कक्षेबाहेर राहिले. म्हणजे खाजगी रुग्णालयात जाणारा ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो. मोफत दवाखान्यातल्या गरिबाला मात्र दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट, असा लांबचा आणि खर्चाचा रस्ता उरतो. नाक्यावरचा मजूर हे कधी करणार? म्हणून त्याच्यासाठी नुकसान झाल्यानंतरचा न्याय हा बहुतेक वेळा कागदावरचाच न्याय. त्याचा खरा न्याय म्हणजे नुकसान होण्याआधीची चाचणी.

शासनाच्या मलेरिया उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलेले आहे की तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया आणि जी-६-पीडीची कमतरता असलेल्यांना प्रायमाक्विन देऊ नये. लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले तर गोळी ताबडतोब थांबवावी, हेही त्यात आहे. सूचना चांगलीच आहे. पण कमतरता आहे हे चाचणीशिवाय कळणार कसे? ज्याची तपासणीच झाली नाही, त्याच्याबाबत 'कमतरता असल्याचे माहीत नव्हते' हे नेहमीच खरे ठरणार! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत जी-६-पीडीची स्थिती पाहूनच प्रायमाक्विनचा निर्णय घ्यावा असे म्हटले. दोष असलेल्यांसाठी तिने वेगळा मार्गही सुचवला. आठवड्यातून एकदाच गोळी, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे दोष निघाला म्हणून उपचार बंद होत नाहीत, त्यांची पद्धत बदलते.

२०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली टॅफेनोक्विन ही गोळी एकदाच घ्यावी लागते. चौदा दिवसांचा त्रास वाचतो, म्हणून मजुरांसाठी ती वरदान वाटेल. पण एकदा पोटात गेली की ती शरीरात बरेच दिवस राहते, थांबवता येत नाही. म्हणून एन्झाइमचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असल्याची मोजणी करूनच ती द्यायची असते. नवे औषध आले तर चाचणीची गरज कमी होत नाही, वाढते.

आमच्या मागण्या

देशाने २०२७ पर्यंत स्थानिक मलेरियाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे आणि २०३० पर्यंत मलेरिया निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याचे स्वागतच आहे. पण निर्मूलन म्हणजे जास्तीत जास्त लोकांना प्रायमाक्विन देणे. मग त्याच गतीने चाचणीही वाढली पाहिजे. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे.

पहिले, मलेरियाचे रक्त तपासले जाते त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, मोफत जी-६-पीडी चाचणी मिळावी. वस्तीतल्या दवाखान्यात मिळावी, परळपर्यंत जावे लागू नये. दुसरे, निकालाचे छोटे कार्ड रुग्णाच्या हाती द्यावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत कार्डाची पद्धत आहे, ती इथेही आणता येईल. हा दोष जन्मभर तसाच राहतो, त्यामुळे ते कार्ड गावीही उपयोगी पडेल. तिसरे, त्या कार्डावर जातीचा रकाना नसावा. चौथे, बांधकामाच्या जागी ताप आलेल्या मजुराला उपचाराच्या दिवसांची मजुरी मिळावी आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदारावरही टाकावी. पाचवे, जंतूंमधल्या बदलांची पाहणी नियमित व्हावी आणि तिचे निष्कर्ष मराठीत जनतेसमोर ठेवावेत.

सरकारकडे मागण्या करून आपण स्वस्थ बसायचे नाही. बुद्धविहारांत, महिला मंडळांत, जयंती उत्सव समित्यांत रक्तदान शिबिरे होतात, चष्मे वाटप होते. त्यात ही माहितीही द्या. मलेरिया झाला तर डॉक्टरांना विचारा, 'जी-६-पीडी तपासले का?' घरात कोणाला गोळी घेऊन काळी लघवी झाली असेल, बाळाला जन्मतः मोठी कावीळ झाली असेल, तर ते न लपवता सांगा. रक्त फुटून गेल्यावर लगेच केलेली चाचणी कधीकधी फसवी निघते, कारण नव्या पेशींत एन्झाइम जास्त असते. म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करायला सांगा. आणि सर्वात महत्त्वाचे, हा लेख वाचून घाबरून कोणी गोळी सोडू नये. बहुतेकांना प्रायमाक्विन बाधत नाही आणि मलेरिया अंगावर काढणे हा त्याहून मोठा धोका आहे. विचारायचे, तपासून घ्यायचे आणि मग पूर्ण गोळ्या घ्यायच्या.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. बाबासाहेबांनी ते आम्हाला पुन्हा दिले. दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहतानाही ते विसरू नका. गोळी पुढे करणाऱ्याचा अपमान करायचा नाही, पण प्रश्न विचारल्याशिवाय ती घ्यायचीही नाही. येत्या पावसाळ्यात कांजूरमार्गच्या प्रत्येक वस्तीतून हा प्रश्न विचारला गेला, तर चाचणीचे किट आणायला व्यवस्थेला फार काळ टाळाटाळ करता येणार नाही.